खड्ड्याने एमसीबी पडत नाही

मोटरकडे तारा नेणारा लोखंडी पाइप हाताला झिणझिण्या देतोय, अशी तक्रार आली की उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घाला, दोन बादल्या पाणी ओता." पाणी ओतलं जातं. पाइपाच्या सांध्यांकडे कुणी बघत नाही, कारण करंट जमिनीत 'जिरतो' ही समजूत पक्की.

अहो, करंट जिरत नाही! तो जिथून निघाला त्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे परत जातो. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेला कारखाना घ्या, पुरवठा 415 व्होल्ट, म्हणजे फेज ते न्यूट्रल 240. पाइपात एका फेजचं इन्सुलेशन सोललं आणि पाइप फक्त मशीनजवळच्या खड्ड्याला जोडलेला आहे. हा खड्डा 5 ओहम, न्यूट्रलचा 1 ओहम. 240 भागिले 6, करंट 40 अँपिअर. 63 अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पाइपावर 200 व्होल्ट मुक्काम ठोकतील. बरं, मीठ ओतून खड्डा 3 ओहमवर आणलात, तरी 60 अँपिअर आणि 180 व्होल्ट. एमसीबी अजून जागचा हललेला नाही.

आता पाइप, पॅनलची बॉडी आणि अर्थिंगची पट्टी यांची सलग धातूची वाट न्यूट्रलपर्यंत करा. सगळा फेरा 0.3 ओहमचा धरला तर 800 अँपिअर वाहतात. सी प्रकारचा तोच एमसीबी दहापटीला, म्हणजे 630 ला, क्षणात पडलाच पाहिजे. खड्डा लागतो तो आकाशातून पडणाऱ्या विजेसाठी आणि यंत्रणेचं व्होल्टेज जमिनीच्या संदर्भात स्थिर राहावं म्हणून.

हे माझं मत नव्हे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला 61 वा नियम सांगत होता की तारांवरचं धातूचं आवरण अर्थला जोडलेलं हवं आणि प्रत्येक जंक्शन बॉक्सपाशी, सबंध लांबीभर, यांत्रिक आणि विद्युत दोन्ही दृष्टींनी नीट सांधलेलं हवं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेचं कलम 250.4 तर स्पष्टच बजावतं: जमिनीला फॉल्ट करंटची परिणामकारक वाट समजू नका.

"मोटरला दोन अर्थ दिलेत की!" 250 व्होल्टच्या वर ते द्यावेच लागतात, पण त्यांनी पाइप आपोआप जोडला जात नाही.

"लॉकनट घट्ट आहे." पॅनलचा रंग खरवडलात का? भोक मोठं असेल किंवा वॉशर लावून लहान केलं असेल, तर शेजारून तांब्याची जोडतार हवीच.

"मल्टिमीटर वाजतो ना!" तो मिलिअँपिअर सोडतो, त्याला आट्याचा एक कोपरा टेकला तरी पुरतो. 800 अँपिअरला तो कोपरा जळून जाईल.

"सीएनसीला वेगळा, कशालाही न जोडलेला खड्डा हवा." वरचा 40 अँपिअरचा हिशेब पुन्हा वाचा.

"पाइप अर्थ केलाय, मग एकेक फेज वेगळ्या पाइपातून नेली तर काय झालं?" लोखंड तापतं, कितीही अर्थ करा. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून ओढा.