हाक मारणारे यंत्र आणि ऐकणारे यंत्र

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आजचा विषय निम्मा समजल्यासारखाच आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना ह्यांच्या काळात, सातपुड्याच्या बाजूने झिरपणारे पाणी भुयारातून शहराकडे आणले गेले. त्या भुयारावर ओळीने कुंड्या आहेत. ज्या कुंडीपाशी माणूस उभा राही तेथे त्याला पाणी मिळे. ते कोठून आले ह्याची चौकशी त्याला करावी लागत नसे.

संगणकाच्या जगात विखुरलेल्या वस्तूंची व्यवस्था ह्याच हेतूने निर्माण झाली. येथे ‘वस्तू’ म्हणजे माहिती आणि ती हाताळण्याच्या कृती ह्यांचे एकत्र बांधलेले गाठोडे. वस्तू एका यंत्रावर राहते, हाक दुसऱ्या यंत्रावरून मारता येते, आणि हाक मारणाऱ्याला ती आपल्या शेजारीच आहे असा भास होतो. १९९१ साली ‘कॉर्बा’ हा संकेत ह्यासाठी प्रसिद्ध झाला. १९९७ साली जावा भाषेत ‘आरएमआय’ आले.

समजा, खकनार तालुक्यातील डोईफोडिया येथे केळी बागाईतदारांची एक संस्था आहे. घडांच्या वजनाची वही तेथल्या सर्व्हरवर आहे, आणि हिशेबनीस बुऱ्हाणपुरास बसून शेतकऱ्यांची देणी काढतो. त्याचे यंत्र प्रथम डोईफोडियाच्या नोंदणीखात्याकडे जाते. हे खाते बहुधा १०९९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, बसलेले असते. ‘वजनवही कोठे आहे?’ असे विचारताच खाते एक चिठ्ठी देते. तीवर यंत्राचा पत्ता आणि दाराचा क्रमांक असतो. खरी हाक त्यानंतर, त्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जाते.

आणि येथेच घोटाळा होतो. नाव सापडते, परंतु उत्तर येत नाही! पुष्कळदा चिठ्ठीवर १२७.०.०.१ हा पत्ता असतो. ह्या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ एवढाच. बुऱ्हाणपूरचे यंत्र तो वाचते आणि डोईफोडियाची वही स्वतःच्याच पोटात शोधू लागते. दुसरा प्रकार असा की, वस्तूचे दार नेमून दिले नसेल तर सर्व्हर दर वेळी मिळेल ते रिकामे दार घेतो. संरक्षक भिंतीत मोकळीक असते ती फक्त १०९९ ला. मग हाक भिंतीशीच अडते. उपाय सरळ आहेत: दाराचा क्रमांक कायम नेमावा, आणि ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ ह्या मांडणीत बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता लिहावा.

आता ऐकणाऱ्या सॉकेटकडे वळू. सॉकेट म्हणजे सर्व्हरने दाराशी लावलेला कान. मुद्दाम काही सांगितले नाही तर हा कान यंत्राच्या सर्वच पत्त्यांवर लागतो. कचेरीच्या अंतर्गत जाळ्यावर आणि बाहेरच्या इंटरनेटवरही. हा धोका काल्पनिक नाही. आलेले गाठोडे सोडतानाच त्यातील घातक सूचना अमलात येऊ शकतात, हे २०१५ साली जाहीर झालेल्या तंत्राने सर्वांच्या लक्षात आणून दिले. पुढे २०१७ साली जावामध्ये गाठोडी सोडण्यापूर्वी चाळण्याची सोय झाली. वजनवहीत कोणी परका शिरला तर एखाद्या शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत एका आकड्याने कमी होईल.

म्हणून सॉकेट घडविणारा स्वतःचा ‘कारखाना’ सर्व्हरला देता येतो. तो सांगतो की, कान ह्या एकाच पत्त्यावर लावावा, बोलणे सांकेतिक करावे, आणि येणाऱ्याकडून ओळखपत्र मागावे. सांकेतिक बोलण्यासाठी २००४ पासून जावातच तयार कारखाने आहेत. दोन बारकावे मात्र पाळावे लागतात. ग्राहकाच्या बाजूचा कारखाना चिठ्ठीबरोबर प्रवास करतो, तेव्हा त्याची घडण ग्राहकाच्या यंत्राला ठाऊक हवी. आणि अनेक वस्तूंनी एकच दार वापरायचे असेल, तर दोन कारखाने सारखे आहेत की नाहीत हे ठरविण्याची रीत त्यात लिहिलेली असावी. नाही तर दुसरी वस्तू येताच ‘दार अडले आहे’ अशी तक्रार उठते.

सर्वांत फसवी समजूत अशी की, कान अमुक पत्त्यावर लावला म्हणजे चिठ्ठीवरही तोच पत्ता येईल. तसे होत नाही. कान कोठे लावावा आणि पत्ता कोणता सांगावा, हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. कॉर्बाच्या ‘ओम्निऑर्ब’ ह्या प्रणालीत त्यांसाठी दोन वेगळ्या मांडण्याच आहेत, आणि ती रीत मला अधिक प्रामाणिक वाटते. कॉर्बाला जावाने २०१८ साली, अकराव्या आवृत्तीत, निरोप दिला. आरएमआय मात्र तेथे राहिले.

सगळी मांडणी झाली म्हणजे परीक्षा डोईफोडियाच्या त्याच यंत्रावर बसून घेऊ नये. तेथे १२७.०.०.१ हा पत्ताही बिनतक्रार उत्तर देतो. ती बुऱ्हाणपुराहून, हिशेबनिसाच्या खुर्चीवरूनच घ्यावी.