मॉरिशस : एका पिकावर जगलेले राष्ट्र

सणसवाडीत बसून मॉरिशसचा विचार कशासाठी करावयाचा, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या परिसरातच आहे. भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी ऊस, आणि नगर रस्त्याच्या दुतर्फा कारखाने, अशी आपली आजची स्थिती आहे. शेतीवर जगणारा मुलूख कारखान्यांवर जगू लागला म्हणजे काय हाती येते व कशाची काळजी वाहावी लागते, हे समजून घेण्यास हिंदी महासागरातील हे चिमुकले राष्ट्र फार उपयोगी पडते. शिवाय तेथे आपल्या कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज नांदत आहेत.

या राष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचा जेमतेम आठवा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. तेल नाही, कोळसा नाही, लोखंड नाही. बेट ज्वालामुखीतून वर आले, त्यामुळे जमिनीत काळा दगड विपुल. ऊस प्रथम डचांनी १६३९ साली जावाहून आणला. पुढे फ्रेंच आले, १८१० साली इंग्रज आले, आणि साखर हाच बेटाचा एकमेव धंदा होऊन बसला. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे तेथे उतरली. त्यांतील बहुसंख्य बिहारकडची होती, पण मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची मंडळीही गेली. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. मजुरांनी शेतांतून वेचून काढलेल्या दगडांचे ढीग आजही उसाच्या फडांत उभे दिसतात. बेटाच्या संपत्तीचा पाया कोणाच्या श्रमावर घातला गेला, हे ते ढीगच सांगतात.

एका पिकावर जगणाऱ्या देशाची घडीही त्या पिकासाठीच बसविली जाते. १८६४ साली आगगाडी सुरू झाली ती मुख्यतः साखर बंदरावर नेण्यासाठी. १९६० च्या आरंभी लागोपाठ दोन चक्रीवादळे झाली. त्यांतील ‘कॅरोल’ने ऊस झोपविला आणि हजारो घरे मोडली. त्यानंतर १९६१ साली जेम्स मीड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला. माणसे झपाट्याने वाढत आहेत आणि सर्वांना पुरेल इतके काम साखर देऊ शकणार नाही, अशी चिंता त्यात होती. पुष्कळ हातांना काम देणारे उद्योग काढावेत, अशी सूचनाही होती. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या वेळी निर्यातीच्या उत्पन्नातील शेकडा नव्वदांहून अधिक वाटा एकट्या साखरेचा होता.

पुढे जे घडले ते समजून घेण्याजोगे आहे. १९७० साली निर्यातीसाठी माल करणाऱ्या कारखान्यांना खास सवलती देणारा कायदा झाला. यंत्रे व कच्चा माल बिनजकात आणता येऊ लागला, आणि हे कारखाने एकाच कुंपणात न कोंडता बेटावर कोठेही काढण्याची मुभा राहिली. त्यामुळे काम खेड्यांपर्यंत पोहोचले आणि कपडे शिवण्याच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया कमावत्या झाल्या. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने दरसाल सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेण्याचे मान्य केले. या पैशाचा काही भाग साखरवाल्यांनी कापडात आणि हॉटेलांत घातला. माध्यमिक शिक्षण मोफत झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बेकारी जवळजवळ संपली.

या प्रगतीला आधार सोयींचा होता. १९८० साली बंदरात सुटी साखर साठवून जहाजात भरण्याची यंत्रणा उभी राहिली. तोवर पोती हमालांच्या पाठीवरून जात. उसाचा रस काढल्यावर उरणारा बगॅस जाळून वीज केली जाते व ती देशाच्या जाळ्यात सोडली जाते. हंगाम संपला की त्याच केंद्रांत आयात कोळसा जाळावा लागतो, ही मात्र त्यातील उणी बाजू. आगगाडीची कथा तर विचार करावयास लावणारी आहे. तोट्यात चालते म्हणून ती १९६४ पर्यंत पूर्णपणे बंद करण्यात आली. पुढे मोटारी वाढल्या, रस्ते तुंबले, आणि २०१९ साली भारताच्या साहाय्याने नवी मेट्रो सुरू करावी लागली. लार्सन अँड टुब्रोने बांधलेली ही गाडी २०२२ साली क्यूरपिपपर्यंत पोहोचली. नगर रस्त्यावरील गर्दीत अडकणाऱ्या आपल्या मंडळींना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

तथापि दुसऱ्याच्या भावावर उभी राहिलेली समृद्धी कायमची नसते. २००५ साली कापडव्यापारातील जागतिक कोटापद्धती संपली आणि अनेक कारखाने बंद पडले. २००६ ते २००९ या काळात युरोपने साखरेचा भाव शेकडा ३६ ने उतरविला. १९७३ साली सात लाख टनांवर गेलेले साखर उत्पादन आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले असून साखर कारखाने अवघे तीन उरले आहेत. २०२० साली साथीमुळे सरहद्दी बंद होताच पर्यटन थांबले, आणि त्याच वर्षी ‘वाकाशियो’ जहाज खडकावर आदळून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले.

तरीही देश कोलमडला नाही, कारण एक आधार डळमळण्यापूर्वीच दुसरा उभारण्याचे काम सुरू झालेले होते. साखरेचा भाव उत्तम होता तेव्हाच कापड आले. कापड चालत होते तेव्हाच बँकिंग व संगणकाची कामे आली. आपल्याकडेही आज कारखान्यांमुळे जमिनीला भाव आहे, हाताला काम आहे. हा पैसा मुलांच्या शिक्षणात, पाण्यात आणि नव्या कौशल्यात किती जातो, याचा हिशेब आपण आजच मांडला पाहिजे. वाईट दिवसांची तरतूद बऱ्या दिवसांतच करावयाची असते, हे शेतकऱ्याच्या घरात कोणी नव्याने शिकवावे लागत नाही. ते गावाच्या कारभारातही उतरले पाहिजे, इतकेच.