दंड फुगले, पण आतलं काय?

जिम लावून जेमतेम तीन महिने झालेले असतात. आरशात फारसा फरक दिसत नाही. तेवढ्यात एखादा भिडू कानात सांगतो, 'टेस्टो घे, बॉडी लगेच बनेल.' बॉडी बनतेही! गोची पुढे होते.

टेस्टोस्टेरॉन शरीर स्वतःच बनवतं. मुलींमध्येही ते थोडं असतंच. मुलांचा फुटलेला आवाज, दाढी-मिशा, स्नायू, हाडांची ताकद, शुक्राणू ही सगळी त्याची कामं. ते किती बनवायचं, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून सुटतो. बाहेरून इंजेक्शन आलं की तिला वाटतं, माल भरपूर आहे. मग ती हुकूम सोडणंच थांबवते. दंड फुगतात, पण वृषणं आकसतात. शुक्राणूंची संख्या पार शून्यावरही येऊ शकते.

जादा टेस्टोस्टेरॉनपैकी काही इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, त्यामुळे मुलांना स्तनवाढ होऊ शकते. रक्त घट्ट होतं, पिंपल्स येतात. वय कोवळं असेल, तर उंचीही खुंटते. इंजेक्शन थांबवल्यावर गाडी रुळावर यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.

ज्यांच्यात ते खरंच कमी बनतं, त्यांच्यासाठी हे औषध आहेच. पण ते ठरतं सकाळच्या रक्ततपासणीवरून, तीही दोनदा केलेल्या. आणि ठरवतात डॉक्टर, ट्रेनर नव्हे. नुसताच थकवा वाटतोय? आधी रात्री दोनचे रील्स बंद करून नीट झोपून बघा. आणि आधीच इंजेक्शन घेत असाल, तर लाजू नका. डॉक्टरांना सगळं खरं सांगा.