गोळी, घाम आणि मे महिना

मे महिन्यात विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर सहज जातो आणि नेमकी तेव्हाच आपली परीक्षा असते. मागच्या उन्हाळ्यात पीएलमध्ये माझा रूम पार्टनर मेसच्या रांगेत चक्कर येऊन पडला. सगळे म्हणाले, "जागरण झालं असेल." खरं कारण त्याने रात्री सांगितलं. तो डिप्रेशनची गोळी घेत होता, पण कुणाला कळू नये म्हणून बॅगेच्या तळाशी लपवत होता. "ऊन सोसत नाही, उद्यापासून गोळी बंद," असंही त्याने ठरवलं होतं. हा लेख त्याला विचारूनच लिहिलाय.

आता गोळीचा आणि उन्हाचा संबंध काय? आपला खिडकीतला कूलर आठवा. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, म्हणून हवा गार होते. घामाचंही तेच. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता बाहेर जाते. अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन अशा जुन्या गोळ्यांनी घाम कमी होऊ शकतो, म्हणजे कूलरचा पंपच मंद! पटकन उभं राहिलं की चक्करही येते. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फ्लुऑक्सेटीन यांनी उलट काहींना जास्त घाम येतो. काहींच्या रक्तातलं सोडियमही कमी होतं. अशा वेळी नुसतं पाणी ढोसत राहिलं तर ते आणखी उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं. सोबत लिथियम चालू असेल तर जास्तच जपा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही. म्हणून घाबरून गोळी बंद करू नका. अचानक सोडली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असे प्रकार होतात आणि आजारही परत येऊ शकतो. डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच.

आपण काय करायचं? दुपारी १२ ते ४ बाहेर भटकायचं नाही. पाण्याबरोबर ताक, लिंबू सरबत घ्यायचं. लिथियम किंवा बीपीची गोळी असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारायचं. गोळ्या खिडकीत किंवा बाईकच्या डिकीत ठेवायच्या नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विंगमधल्या एकाला तरी सांगून ठेवा. कारण उष्माघातात माणूस स्वतःच भ्रमिष्टासारखा वागतो, त्याला काही सुचत नाही. कुणी असंबद्ध बडबडायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर १०८ ला फोन करा. घाम येतोय म्हणून गाफील राहू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मान-काखेत बर्फ ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कुठली गोळी चालू आहे ते डॉक्टरांना सांगा. पण तुम्हाला माहीतच नसेल तर सांगणार काय?

मनातलं कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६.

माझ्या पार्टनरची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. आता स्ट्रिप उघड्यावर, कॅल्क्युलेटरशेजारी असते. मेसमध्ये मी विचारतो, "ताक घेतलंस का?" तो म्हणतो, "हो रे आजी, घेतलं!"