बँकरोल, उचल आणि दिवाळं निघण्याचं गणित

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या वहीत एक वाक्य होतं: "जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं पैशाचं नियोजन करत नाहीत, म्हणून वीटभट्टीची उचल घेतात." नंतर ते मी खोडलं. आणि खोडायला मदत झाली ती चक्क ऑनलाइन पोकरची. हसू नका, सांगते.

डिपार्टमेंटमधला एक मित्र रोज रात्री पोकर खेळायचा. (ही ऑगस्ट 2025 च्या आधीची गोष्ट. त्या महिन्यात संसदेनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा.) तो खेळायचा चांगलं, डावांची नोंदही ठेवायचा. तरी एका महिन्यात सगळे पैसे संपले. मला वाटलं, झालं, जुगारच तो. पण त्याचा हिशेब पाहिला तेव्हा कळलं की चूक खेळात नव्हती, जवळ ठेवलेल्या रकमेत होती.

नियमित खेळणारे खेळापुरती रक्कम वेगळी काढतात. तिला बँकरोल म्हणतात. मेसचे पैसे, घरभाडं त्यात धरायचं नाही. एका टेबलावर बसताना जी रक्कम घेऊन बसतात ती बाय-इन. जवळ निदान 20-30 बाय-इन नसतील तर त्या टेबलावर बसू नये, असा साधारण नियम. मित्राकडे होत्या चार.

एवढ्या कशाला? समजा एखादा खेळाडू दर 100 डावांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड जिंकतो (बिग ब्लाइंड म्हणजे डावातली मूळ सक्तीची बोली, 100 बिग ब्लाइंडची एक बाय-इन). ही चांगली कमाई आहे. पण 100 डावांमागचं प्रमाण विचलन सहज 90 असतं. 10,000 डाव खेळल्यावर अपेक्षित नफा 500. चढउतार मात्र डावसंख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणजे 900. आता सामान्य वितरणाचा तक्ता काढून बघा: एवढे डाव खेळूनही दहातल्या जवळजवळ तीन वेळा हा चांगला खेळाडू तोट्यातच असेल.

दिवाळं निघण्याचा प्रश्न सतराव्या शतकात पास्कल आणि फर्मा यांनीही हाताळला होता. सोपं रूप असं: दर डावाला एक रुपया, जिंकण्याची शक्यता 55 टक्के, डाव कितीही चालणार. खिशात 5 रुपये असतील तर कधी ना कधी कफल्लक होण्याची शक्यता सुमारे 37 टक्के. 10 असतील तर 13. 20 असतील तर 2 टक्क्यांच्या आत. कौशल्य तेच, फक्त गाठीला किती आहे यावर सगळं बदललं.

आता जव्हार-मोखाड्याकडे या. पावसाच्या पाण्यावर भात, नाचणी, वरई. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर किंवा भिवंडी-वसईकडे बांधकामावर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते आणि हंगाम संपला की हजार विटांमागच्या दरानं हिशेब होऊन उचल कापली जाते. उरलीच तर पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. उचल घेतलेल्या माणसाला दर वाढवून मागता येत नाही, म्हणजे सरासरी मिळकत घटते. हे त्यांना कळत नाही असं मला वाटायचं. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण गाठीला एकच बाय-इन असेल तर सरासरीला काय चाटायचंय? जून ते सप्टेंबर निभावणं हाच प्रश्न असतो, आणि उचल ही त्याची महागडी विमापॉलिसी आहे. सरकारनंही हे वेगळ्या शब्दांत मान्य केलंय: पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी खावटी कर्ज 1978 मध्ये सुरू झालं होतं, आणि 2020 मध्ये कुटुंबामागे 4000 रुपयांचं खावटी अनुदान जाहीर झालं, निम्मं रोख, निम्मं वस्तूरूपात.

ही तुलना फार ताणू नका. पोकरवाला खालच्या टेबलावर जाऊ शकतो, उठून झोपू शकतो. घराला जेवण थांबवता येत नाही. माझी फेलोशिप सात महिने रखडली तेव्हा मी मोठ्या भावाकडून पैसे घेतले, त्याला कुणी नियोजनाचा अभाव म्हटलं नाही.

प्रश्नावली करताना याचा थेट उपयोग होतो. "वार्षिक उत्पन्न किती?" हा प्रश्न सरासरी विचारतो. त्याऐवजी विचारा: आज घरात किती दिवसांचं धान्य आहे? मागचं मोठं आजारपण कशातून निभावलं? उचल कोणत्या महिन्यात घेतली? आणि पाड्यावर जानेवारीत जाऊ नका. अर्ध्या घरांना कुलूप असतं. भेटतात ती म्हातारी माणसं आणि ज्यांना जावं लागलं नाही ती कुटुंबं. मोठ्या टेबलावर अजून बसलेल्यांनाच विचारलं तर पोकर सगळ्यांनाच परवडतो असं दिसेल, तसंच हे. माझी पहिली फेरी जानेवारीतच झाली होती. दुसरी ऑगस्टमध्ये केली, चिखल तुडवत, आणि पहिल्या फेरीचे अर्धे निष्कर्ष बाजूला ठेवावे लागले.