हिमयुगाने आखलेला भुंगेऱ्यांचा नकाशा

अफोडियस होल्डेरेरी हा शेणभुंगेरा आज फक्त तिबेटच्या पठारावर, ३,००० मीटरहून उंच कुरणांत राहतो. १९७३ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाचे रसेल कूप यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले, की शेवटच्या हिमयुगात हाच भुंगेरा इंग्लंडमध्ये होता, आणि तोही भरपूर. भुंगेऱ्यांच्या प्रादेशिक विविधतेबद्दल मला याहून बोलका पुरावा माहीत नाही.

पुरावा मिळवण्याची रीत साधी आहे. खाणीतला गाळ चाळणीवर धुवायचा, उरलेला चोथा रॉकेलमध्ये कालवायचा आणि वर पाणी ओतायचे. कवचाला रॉकेल धरून राहते, त्यामुळे डोकी, छातीच्या ढाली आणि पाठीवरचे कडक पंख तरंगत वर येतात. हजारो वर्षे गाळात राहूनही कित्येकांची चमक गेलेली नसते. संग्रहालयातल्या आजच्या नमुन्यांशी ते ताडून पाहिले, की जात ओळखू येते. हिमयुगांच्या उलथापालथीत नव्या जाती भराभर घडल्या असतील, हा समज होता. कूप यांच्या गाळात मात्र बहुतेक जाती आजच्याच निघाल्या. हवा बदलली तशा त्या जागा सोडून गेल्या होत्या. वूस्टरशरमधल्या अप्टन वॉरनच्या थरांत उबदार उन्हाळ्यातले भुंगेरे सापडले, पण झाडांचा मागमूस नव्हता. हवा तापताच भुंगेरे येऊन पोचले होते, जंगल मागे राहिले होते. या चपळाईमुळेच ते जुन्या तापमानाचे विश्वासू साक्षीदार ठरतात. १९८७ मध्ये ॲटकिन्सन, ब्रिफा आणि कूप यांनी त्यांच्या आधारे ब्रिटनच्या गेल्या २२,००० वर्षांचे उन्हाळे-हिवाळे मांडले.

ज्यांना उडता येत नाही त्यांचे काय झाले? कॅराबस या मोठ्या, शिकारी भुंगेऱ्यांपैकी बहुतेक पायीच फिरतात. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हिया आणि ब्रिटनचा बराच भाग बर्फाखाली होता. आज उत्तरेत दिसणारे कॅराबस बर्फ हटल्यावर आलेले आहेत, आणि कोण कुठे राहील हे तिथे मुख्यतः हवामान ठरवते. दक्षिणेत डोंगर आणि दऱ्या ठरवतात. इटलीतल्या सेसेरा खोऱ्यापुरता उरलेला कॅराबस ऑलिम्पिए हे त्याचे ठळक उदाहरण.

गुहांतले आणि मातीतले आंधळे भुंगेरे तर हललेच नाहीत. स्लोव्हेनियातल्या पोस्टोयना गुहेत १८३१ मध्ये गुहांतल्यांपैकी पहिला, लेप्टोडायरस, सापडला. व्हिएन्नाचे कार्ल होल्डहाउस यांनी १९५४ च्या ग्रंथात अशा भुंगेऱ्यांची उत्तर सीमा दाखवली. ती दक्षिण फ्रान्समधून आल्प्सच्या दक्षिण अंगाने कार्पेथियनकडे जाते. तिच्या उत्तरेला हिमयुगाने त्यांना पुसून टाकले, आणि इतक्या वर्षांतही ते परतलेले नाहीत.

म्हणून आजच्या तापमानवाढीत सगळ्या भुंगेऱ्यांचा एकच हिशेब मांडणे मला चूक वाटते. उडणारे पुन्हा वाट काढतीलही, पण सेसेरा खोऱ्यातल्या पायी चालणाऱ्याला वर चढायला डोंगर उरेल तितकाच.