पडद्यावरचा वाचनवर्ग : पहिला आठवडा



वाचावे कसे हे शिकण्यासाठी पदवीधर माणसाला पुन्हा कॉलेजात नाव घालावे लागते, असे कोणी सांगितले तर आपल्याला हसू येईल. मलाही आले होते. माझी भाची लग्नानंतर अमेरिकेत गेली. इकडची वाणिज्य शाखेची पदवी पदरात होती. पण तिला तिकडे परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे होते. जवळच्या कॉलेजाने प्रवेशाच्या वेळी तिला सुचविले की, आधी एक सत्र वाचनाचा वर्ग करावा. मूल लहान असल्यामुळे तिने तो घरबसल्या, संगणकावरून करावयाचा ठरविला. दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला तो रडतच. "मामा, माझं नाव काढून टाकलं. मी रोज जात होते. पहिला धडा शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. आणि हे म्हणतात, मी वर्गात आलेच नाही!"

मुलगी आळशी नव्हती आणि कॉलेजही दुष्ट नव्हते. मग चुकले कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. घरबसल्या शिकण्याची सोय आता आपल्याकडेही झाली आहे, आणि त्या दारातून आत जाताना आपली माणसे याच ठिकाणी अडखळतात.

प्रथम हा वर्ग म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत दोन वर्षांची सार्वजनिक कॉलेजे आहेत. त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. त्यांतले आज चालू असलेले सर्वांत जुने कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परत आले, त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने १९४४ च्या कायद्याने उचलला, आणि या कॉलेजांचा विस्तार झपाट्याने झाला. येथे फी बेताची असते आणि दार बहुधा सर्वांना उघडे असते. त्यामुळे वर्गात कोण असते? वीस वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेणारा कामगार, मुले शाळेत पाठवून आलेली आई, नुकताच देशात आलेला परका. अक्षरे सर्वांनाच वाचता येतात. परंतु पाठ्यपुस्तकाचे चाळीस पानी प्रकरण वाचून त्यातला मुख्य विचार कोणता, आधार कोणता, लेखक सांगतो काय आणि सुचवितो काय, हे वेगळे काढता येतेच असे नाही. ते शिकविणारा हा वर्ग. अलीकडे पुष्कळ ठिकाणी तो लेखनाच्या वर्गाशी जोडला गेला आहे. पण गाभा तोच.

दुरून वाचन शिकविण्याची कल्पना मात्र संगणकाहून फार जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा नावाच्या सरोवराकाठी १८७४ पासून उन्हाळी व्याख्याने भरू लागली. एका अर्थाने ती आपल्या वसंत व्याख्यानमालेची समकालीन भगिनीच म्हणावयाची, कारण पुण्यात महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने आपली माला सुरू झाली ती १८७५ साली. शटॉक्वाच्या जॉन व्हिन्सेंट यांनी १८७८ मध्ये एक वाचनमंडळ काढले. ज्यांना कॉलेज लाभले नाही त्यांनी घरी बसून चार वर्षे नेमलेली पुस्तके वाचावयाची, टपालाने प्रश्नपत्रिका सोडवावयाच्या आणि शेवटी प्रमाणपत्र मिळवावयाचे. पहिल्याच वर्षी आठ हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. चार वर्षांनी, १८८२ मध्ये, प्रमाणपत्र घेण्यास उरले सुमारे सतराशे.

म्हणजे गळती तेव्हाही होती. आज ती कोठे होते हे अधिक नेमके समजले आहे. हार्वर्ड आणि एम.आय.टी. या दोन विद्यापीठांनी २०१२ ते २०१८ या काळात जगभरासाठी जे खुले वर्ग चालविले, त्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. नाव नोंदविणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी वर्गाचे साहित्य एकदाही उघडले नव्हते! विषय अवघड म्हणून, परीक्षा कठीण म्हणून हे लोक गेले नाहीत. ते उंबरठ्यावरूनच परतले. हे वर्ग फुकट होते आणि माझ्या भाचीचा फी भरून घेतलेला होता, हा भेद आहे खरा. परंतु उंबरठा दोन्हीकडे तोच.

उंबरठा एवढा उंच का व्हावा? प्रत्यक्ष कॉलेजात आपण जातो तेव्हा इमारतच आपल्याला पुष्कळ शिकवीत असते. घंटा होते, मुले एका दिशेने चालू लागतात, आपणही चालू लागतो. शेजारचा वही उघडतो, आपण उघडतो. गुरुजी फळ्यावर तारीख लिहितात. काही विचारावे लागत नाही. पडद्यावरच्या वर्गात यातले एकही नसते. तेथे घंटा म्हणजे एक तारीख, फळा म्हणजे सूचनांचे एक पान, शेजारी म्हणजे चर्चेच्या पानावरचे एक नाव. हे सर्व असते. पण ते वाचून शोधावे लागते. ज्याला वाचन शिकावयाचे आहे त्याला वर्गाचे दारही वाचूनच सापडते, अशी ही मौज आहे.

ते दार म्हणजे अभ्यासक्रमपत्रिका. इंग्रजीत जिला सिलॅबस म्हणतात ती. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. तिकडे ती पाचदहा पानांची, जवळजवळ करारासारखी असते. शिक्षक कोण, ते कधी व कसे भेटतील, पुस्तके कोणती, कोणत्या कामाला किती गुण, उशिरा दिलेले काम घेतले जाईल की नाही, गैरहजर कोणास म्हणावयाचे, आणि शेवटी सबंध सत्राच्या तारखा. या पत्रिकेचे मूळही आपल्यासारख्या श्रोत्यांतच आहे. केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट १८६७ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या शहरांत स्त्रियांपुढे व्याख्याने देऊ लागले, तेव्हा त्यांनी प्रत्येक व्याख्यानाचा छापील आराखडा वाटण्याची आणि लेखी प्रश्न देऊन टपालाने उत्तरे मागविण्याची पद्धत घातली. ऐकणारा आणि शिकणारा यांतला फरक त्यांनी त्या एका कागदाने केला.

माझ्या भाचीने ही पत्रिका उघडली नव्हती. का, ते मी विचारले. ती म्हणाली, "त्या सूचना होत्या ना! मला वाटलं, अभ्यासाला लागावं." हे उत्तर तिचे एकटीचे नाही. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या सूचना आपल्यापैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी वाचल्या आहेत? आपल्या लेखी खरा अभ्यास पहिल्या धड्याच्या पहिल्या ओळीपासून सुरू होतो.

त्या पत्रिकेत तिसऱ्या पानावर लिहिलेले होते की, पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने चर्चेच्या पानावर आपली ओळख लिहावी आणि पत्रिकेवरची दहा प्रश्नांची लहानशी चाचणी द्यावी. न देणाऱ्याचे नाव कमी होईल. यामागे कारण आहे. जे कॉलेज सरकारी अर्थसाहाय्य घेते त्याला विद्यार्थी खरोखर शिकत आहे की नाही हे दाखवावे लागते, आणि अमेरिकन सरकारच्या नियमाप्रमाणे नुसते संगणकावर वर्ग उघडून बसणे ही हजेरी धरली जात नाही. काही लिहिले, चाचणी दिली, चर्चेत भाग घेतला, शिक्षकांना विषयातली शंका विचारली, तर हजेरी. आपल्या वर्गात गप्प बसणारा विद्यार्थी शहाणा समजला जातो. तेथे गप्प बसणारा विद्यार्थी गैरहजर समजला जातो. मुलीचे घोडे पेंड खात होते ते येथे. ती तीनदा वाचीत होती, पण पडद्यापलीकडच्या माणसाला ते दिसणार कसे?

दुसरी अडचण वेळेची. घरबसल्या म्हणजे सवडीने, असा आपला समज असतो. हिशेब करून पाहू. अमेरिकेत एका श्रेयांकाचा अर्थ ठरलेला आहे : आठवड्यास एक तास अध्यापन आणि त्याच्या बाहेर निदान दोन तास स्वतःचा अभ्यास, असे सुमारे पंधरा आठवडे. तीन श्रेयांकांचा वर्ग म्हणजे आठवड्याला नऊ तास, सत्राचे १३५. तोच वर्ग आठ आठवड्यांत आटोपणारा घेतला तर आठवड्याला सतरा तास होतात. वर्ग घरी आला म्हणून तास कमी होत नाहीत. फक्त ते कोठून काढावयाचे हे कॉलेजाऐवजी आपण ठरवावयाचे असते. पोळ्या झाल्यावर, मूल निजल्यावर, असे म्हणून चालत नाही. मंगळवारी साडेनऊ ते अकरा, असे म्हणावे लागते, आणि ते घरातल्या इतरांनाही सांगून ठेवावे लागते.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली पाठ्यपुस्तक वाचण्याची एक पाच पायऱ्यांची पद्धत मांडली. ती अजून या वर्गांत शिकवितात. पहिली पायरी, सबंध प्रकरणावरून नजर फिरविणे : मथळे, चित्रे, शेवटचा सारांश. दुसरी, प्रत्येक मथळ्याचा प्रश्न करणे. तिसरी, त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत वाचणे. चौथी, पुस्तक मिटून ते उत्तर आपल्या शब्दांत सांगणे. पाचवी, काही काळाने उजळणी. शेतकरी नवे रान घेतो तेव्हा आधी बांधावरून फेरी मारतो, मग नांगर धरतो, तसेच हे.

मला वाटते, सगळ्या विषयाची किल्ली येथे आहे. ही पद्धत पहिल्या धड्यावर चालविण्यापूर्वी खुद्द वर्गावरच चालवावी. पहिल्या दिवशी एक अक्षरही अभ्यास म्हणून न वाचता वर्गाची सर्व पाने उघडून पाहावी : सूचना कोठे येतात, धडे कोठे, काम कोठे द्यावयाचे, गुण कोठे दिसतात, शिक्षकांना कोठे लिहावयाचे. मग पत्रिका हाती घेऊन प्रश्न करावे : या आठवड्यात माझ्याकडून काय येणे आहे? कोणत्या वारी, किती वाजता? आणि वेळ कोणत्या गावाची? पुण्यात बसून न्यूयॉर्कचा वर्ग करणाऱ्याची रात्री बाराची मुदत आपल्या सकाळी साडेनऊला किंवा साडेदहाला संपते, ऋतुमानाप्रमाणे. उत्तरे सापडली की पत्रिका मिटून घरातल्या कोणाला तरी सांगावी. सांगता आली तर वर्ग समजला. आणि दर रविवारी पुन्हा एकदा पाहावी, कारण तारखा बदलतात.

पत्रिका शक्य तर छापून घ्यावी. पडद्यावरचे आणि कागदावरचे वाचन यांची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक होते. गोष्ट वाचताना फरक पडला नाही. परंतु माहितीपर मजकुरात, आणि विशेषतः वेळ मोजून वाचताना, कागदावर वाचणाऱ्यांना अधिक उमगले. यावरून पडदा टाकाऊ ठरत नाही. पडद्यावर आपली नजर घसरते एवढे ओळखून तेथे हातात पेन्सिल आणि शेजारी वही ठेवावी, म्हणजे झाले.

शेवटचे सांगावयाचे ते विचारण्याविषयी. शिक्षकांना प्रश्न करणे म्हणजे त्यांचा वेळ घेणे, असा संकोच आपल्या हाडीमासी खिळलेला आहे. तिकडे शिक्षक आठवड्यातले काही तास केवळ विद्यार्थ्यांच्या भेटीसाठी राखून ठेवतात आणि ते पत्रिकेत छापतात. त्या तासांना कोणी न गेले तर ते रिकामे जातात. माझ्या भाचीने पुढच्या सत्रात पुन्हा नाव घातले. पहिल्याच दिवशी तिने पत्रिका छापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली आणि ओळखीच्या पानावर चार ओळी लिहिल्या : मी कोठली, मुलगी किती वर्षांची, मागच्या वेळी माझे काय चुकले. त्या शेवटच्या ओळीला तिघांनी उत्तर दिले. त्यांतल्या दोघांची नावे कोणत्या ना कोणत्या वर्गातून अशीच गेली होती. पुढे ती तिघे दर गुरुवारी एकमेकांना प्रकरण सांगत असत. ती उत्तीर्ण झाली. आता परिचारिकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घराघरांत पोहोचले आहे, आणि केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. तेथेही व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चा असे चारही भाग असतात. पण आपले लोक व्याख्यान ऐकतात आणि उठतात. आपल्यापैकी कोणी येत्या जूनमध्ये असे नाव घालणार असेल, किंवा घरातल्या सुनेला, मुलाला घालून देणार असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. पहिल्या संध्याकाळी पहिला धडा उघडू नका. सूचनांचे पान उघडा, ते पुरते वाचा, आणि झोपण्यापूर्वी तेथे कोठेतरी आपल्या हाताने दोन ओळी लिहा. आपण आत आलो आहोत, हे पलीकडच्या माणसाला त्यावरूनच कळेल.